हेझी डबल आयपीए : धूसर बिअरची चव आणि पारख

पेल्यात ओतलेल्या बिअरमधून पलीकडे धरलेली बोटे दिसत नसतील, तर आपल्याकडचा बहुतेक ग्राहक ती बाटली परत करील आणि त्यात त्याचे काही चुकले असेही म्हणता येणार नाही. गेली दीडशे वर्षे जगभरच्या बिअर कारखान्यांनी गाळण्या, थंड टाक्या आणि रसायने यांच्या साहाय्याने पारदर्शकतेचाच ध्यास घेतला. सोनेरी, लखलखीत, वर पांढरा फेस असलेली लागर बिअर ही आपल्या डोळ्यांना लागलेली सवय आहे. ‘हेझी डबल आयपीए’ ही बिअर या सवयीला छेद देते. ती संत्र्याच्या किंवा अननसाच्या रसासारखी दिसते, तिला पिकलेल्या फळांचा वास येतो, आणि तिच्यातील मद्यांश साध्या बिअरच्या जवळजवळ दुप्पट असतो. पणजी, पुणे, मुंबईच्या पेयगृहांत हे नाव आता फलकांवर दिसू लागले आहे. मात्र ही बिअर चांगली कोणती आणि बिघडलेली कोणती, हे कसे ओळखावे याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. येथे त्याचाच विचार केला आहे.

नावाची उकल

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून लंडनच्या बो भागातील हॉजसन यांच्या कारखान्याची फिकट रंगाची बिअर कोलकाता, मद्रास आणि मुंबईच्या बंदरांत उतरू लागली. चार ते सहा महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडणे आणि जहाजाच्या पोटातील उष्मा यांतून बिअर टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स अधिक घालीत. हॉप्स ही एका वेलीची शंकूच्या आकाराची फुले. त्यांतील कडू द्रव्ये बिअर आंबवणाऱ्या जिवाणूंना आवर घालतात. १८२२ नंतर बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या ऑलसॉप आणि बास या कारखान्यांनी हा व्यापार आपल्याकडे ओढला. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्समचे प्रमाण मोठे असल्याने तेथील बिअरचा कडवटपणा कोरडा आणि धारदार लागे. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव १८२९ साली सिडनीच्या एका वृत्तपत्रातील जाहिरातीत छापलेले आढळते. हॉजसन यांनी ही बिअर खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली, ही कथा लोकप्रिय असली तरी खरी नाही. फिकट बिअर आणि जादा हॉप्स या दोन्ही गोष्टी इंग्लंडात आधीपासूनच होत्या.

‘डबल’ हा शब्द अमेरिकेचा. १९९४ साली कॅलिफोर्नियातील टेमेक्युला येथील ब्लाइंड पिग या छोट्या कारखान्यात व्हिनी सिलुर्झो यांनी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक हॉप्स घालून एक बिअर केली. या प्रकाराचा आरंभ सामान्यतः तेथून मोजतात. पुढे त्यांनीच रशियन रिव्हर या कारखान्यात २००० साली ‘प्लिनी द एल्डर’ ही ८ टक्के मद्यांशाची बिअर केली. ती आजही डबल आयपीएचा मानदंड समजली जाते. ती पारदर्शक आहे, कोरडी आहे आणि स्पष्टपणे कडू आहे.

‘हेझी’ म्हणजे धूसर. हे विशेषण अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात जन्मले. बर्लिंग्टन गावात ग्रेग नूनन यांचे पेयगृह होते. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या जॉन किमिच यांनी पत्नी जेन यांच्यासह २००३ साली वॉटरबरी येथे ‘द अल्केमिस्ट’ हे पेयगृह उघडले आणि २००४ साली ‘हेडी टॉपर’ ही ८ टक्क्यांची डबल आयपीए केली. नूनन यांच्याकडून आलेले यीस्ट, जे पुढे ‘कोनन’ नावाने प्रसिद्ध झाले, ते जर्दाळू आणि पीच यांसारखे वास निर्माण करी. किमिच बिअर गाळीत नसत. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरात त्यांचे पेयगृह बुडाले. मात्र गावातच दुसरीकडे उभारलेल्या नव्या कारखान्यातून त्याच सुमारास हेडी टॉपरचे कॅन बाहेर पडू लागले आणि ते मिळवण्यासाठी लोक शेकडो मैलांवरून गाड्या घेऊन येऊ लागले. मॅसॅच्युसेट्समधील ट्री हाऊस आणि ट्रिलियम, व्हरमाँटमधील हिल फार्मस्टेड यांनी ही वाट रुंद केली. २०१८ साली अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनने ‘रसाळ किंवा धूसर’ अशा तीन नव्या वर्गांना अधिकृत मान्यता दिली. त्यांपैकी एक डबल आयपीएचा. त्याच वर्षीच्या त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वाधिक प्रवेशिका धूसर आयपीएच्याच वर्गात आल्या.

गढूळ आणि धूसर

मराठीत या बिअरचे वर्णन करताना पहिली अडचण शब्दाची येते. वृत्तसंस्थांच्या मजकुराचे भाषांतर करताना ‘गढूळ बिअर’ असा शब्दप्रयोग माझ्या टेबलावर एकाहून अधिक वेळा आला आहे आणि प्रत्येक वेळी मी तो खोडला आहे. गढूळपणा म्हणजे तळचा गाळ ढवळला जाणे. पाणी गढूळ होते, कारण त्यात नको ते मिसळते. थोड्या वेळाने ते निवळते. धूसरपणा निवळत नाही. पावसाळ्यात चोर्ला घाटात दाटलेल्या धुक्याला आपण गढूळ म्हणत नाही. हा भेद केवळ भाषेचा नाही, परीक्षणातही तोच निर्णायक आहे.

चांगल्या हेझी डबल आयपीएतील धूसरपणा बारीक आणि स्थिर असतो. बार्लीच्या जोडीला घातलेल्या ओट्स आणि गव्हातील प्रथिने, तसेच हॉप्समधील पॉलिफेनॉल ही तुरट द्रव्ये एकमेकांना धरून राहतात. त्यांचे कण इतके सूक्ष्म असतात की ते खाली बसत नाहीत, फक्त प्रकाश विखुरतात. त्यामुळे पेला उजेडात धरला की आतून उजळल्यासारखा दिसतो. याउलट बिअरमध्ये हॉप्सचे हिरवट कण तरंगत असतील, यीस्टची गठुळी दिसत असेल, किंवा कॅनच्या तळाशी चिखलासारखा थर असेल, तर तो खरोखरच गढूळपणा होय, आणि तो दोष धरावा. यीस्ट बिअरमध्ये रेंगाळले तर पावाच्या कच्च्या पिठाचा वास आणि जिभेवर खरखर येते. कारखानदार घाईत असले की ‘आमची बिअर हेझी आहे’ हे उत्तम पांघरूण ठरते. ते उचलून पाहणे हे परीक्षकाचे काम आहे.

घडण

सविस्तर कृतीत न शिरता एवढे सांगता येईल की हॉप्स केव्हा घातले, यावर सगळे अवलंबून असते. माल्टचा काढा उकळत असताना सुरुवातीला हॉप्स घातले तर त्यांतील अल्फा आम्लांचे रूप बदलते आणि बिअर कडू होते, पण सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. हेझी प्रकारात बहुतेक हॉप्स उकळी थांबल्यावर, काढा निवत असताना, आणि पुढे किण्वन चालू असताना किंवा संपल्यावर थंड बिअरमध्येच भिजवतात. कडूपणा कमी, सुगंध भरपूर. पाण्यात सल्फेटपेक्षा क्लोराइड अधिक ठेवतात. बर्टनच्या पाण्याच्या हे बरोबर उलट, आणि त्यामुळे बिअर धारदार न लागता मऊ, भरलेली लागते.

हॉप्स किती घालावेत याची मात्र एक चढाओढ लागली. लिटरमागे पंधरा-वीस ग्रॅम भिजवल्याचे अभिमानाने सांगणारे कारखाने आहेत. ओरेगन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी कॅस्केड या एका जातीवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की लिटरला सुमारे आठ ग्रॅमच्या पुढे सुगंध त्या प्रमाणात वाढत नाही. वाढतो तो चहापत्तीसारखा, पालापाचोळ्याचा वास. पत्ती जास्त घातली म्हणून चहा चांगला होत नाही, हे आपल्या घरी कोणीही सांगेल.

चाखण्यापूर्वी

कॅन हाती आला की प्रथम तळ पाहावा. तेथे भरल्याची तारीख छापलेली असते. ती नसेल, किंवा केवळ ‘अमुक तारखेपूर्वी वापरावे’ एवढेच असेल, तर मनात शंका बाळगावी. या प्रकाराचे वैभव पहिल्या चार ते सहा आठवड्यांचे. तीन महिन्यांनंतरच्या बिअरचे परीक्षण करता येते, पण ते त्या कारखान्याचे परीक्षण राहत नाही. ते गोदामाचे परीक्षण होते.

हे मी स्वानुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी परदेशातून आलेल्या एका मित्राने बॅगेतून एका नामांकित हेझी डबल आयपीएचा कॅन आणला. मी मोठ्या उत्साहाने वही उघडून बसलो. बिअरचा रंग चहात दूध कमी पडावे तसा करडा-तपकिरी. वास ओल्या पुठ्ठ्याचा आणि जुन्या मधाचा, चव नुसती गोड. ‘या प्रकारात काही अर्थ नाही’ असा शेरा मी लिहून टाकला. कॅन धुऊन ठेवताना तळावरची तारीख दिसली. ती सात महिन्यांपूर्वीची होती, आणि मधले काही आठवडे तो कॅन मे महिन्यात स्वयंपाकघराच्या माळ्यावर होता, हे मित्राने मागाहून सांगितले. शेरा बिअरवर नव्हता, माळ्यावर होता.

बिअर व्यवसायात ३-३०-३०० असा एक ठोकताळा सांगतात. सुमारे ३२ अंश सेल्सिअस तापमानात तीन दिवसांत बिअरचे जितके नुकसान होते, तितके २२ अंशांत तीस दिवसांत आणि ३ अंशांत तीनशे दिवसांत होते. हा काटेकोर नियम नव्हे. परंतु गोव्यातील उन्हाळ्याचे तापमान डोळ्यांसमोर आणल्यास त्याचा अर्थ लागतो. दुकानात उघड्या फळीवर रचून ठेवलेली हेझी बिअर घेऊ नये. शीतकपाटातली घ्यावी, आणि घरी आणताना गाडीच्या डिकीत विसरू नये.

पिण्याचे तापमान मात्र शीतकपाटाच्या तापमानाहून थोडे वर, साधारण ८ ते १२ अंश असावे. अतिथंड बिअरचा वास नाकापर्यंत पोहोचतच नाही. कॅन बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटे ठेवला तरी पुरते. आपल्या हवेत कदाचित पाचच मिनिटे.

पेल्याबाबत एक गमतीची अडचण आहे. हेडी टॉपरच्या कॅनवर ‘कॅनमधूनच प्या’ अशी ठळक सूचना छापलेली असते. कॅनमध्ये सुगंध अडकून राहतो, हवेशी संपर्क कमी होतो, असे कर्त्याचे म्हणणे. कर्त्याचा मान राखूनही परीक्षकाने ही सूचना मोडावी. रंग, फेस, धूसरपणा यांपैकी काहीच कॅनमधून दिसत नाही, आणि कॅनच्या एवढ्याशा तोंडातून नाकाला मिळते ते फार थोडे. पोट फुगीर आणि तोंड किंचित आवळलेले असा ट्युलिप आकाराचा पेला घ्यावा. वाइनचा पेलाही चालतो. तो साबणाने धुतल्यावर भरपूर पाण्याने विसळलेला असावा. तेलकटपणाचा अंश राहिला तर फेस बसतो, आणि ओतल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटून राहिलेले दिसले तर पेला अस्वच्छ आहे असे समजावे.

नाक

ओतताना फेस उठला की लगेच नाक पेल्याशी न्यावे. सर्वांत हलकी द्रव्ये पहिल्या मिनिटात निघून जातात. एक लांब श्वास घेण्यापेक्षा दोन-तीन आखूड हुंगणी बरी, कारण नाक लवकर सरावते. सरावले तर आपल्याच मनगटाचा वास घ्यावा आणि पुन्हा पेल्याकडे वळावे.

इंग्रजीतील चाखणीच्या नोंदींत पॅशनफ्रूट, ब्लॅककरंट, गूझबेरी, पाइन अशी नावे येतात. ज्याने ब्लॅककरंट कधी खाल्ले नाही त्याने ते बिअरमध्ये शोधू नये. आपल्या नाकाला आपला बाजार पुरेसा आहे, आणि गंमत अशी की यात पुष्कळदा उपमा नसून रसायनाचेच ऐक्य असते. हॉप्समध्ये गंधकयुक्त थायोल द्रव्ये असतात, लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजावी इतकी कमी, तरीही नाकाला जाणवणारी. त्यांपैकी काही पेरूच्या वासातही असतात. म्हणून सिट्रा, मोझेक, गॅलक्सी, नेल्सन सॉव्हिन या जातींच्या हॉप्सची बिअर हुंगल्यावर पिकलेल्या पेरूची आठवण झाली तर ती कल्पना नव्हे. हॉप्सच्या तेलातील मुख्य घटक मिरसीन, तो आंब्याच्या अनेक जातींच्या वासातही असतो. लिनालूल हा धन्यांच्या वासाचा प्राण. जिरॅनिऑल गुलाबाचा. कॅरियोफिलीन काळ्या मिरीत आणि लवंगेत सापडते. किण्वन चालू असताना हॉप्स घातले तर यीस्ट जिरॅनिऑलचे रूपांतर लिंबाकडे झुकणाऱ्या सिट्रोनेलॉलमध्ये करते. म्हणजे एकच हॉप वेगळ्या दिवशी घातला तर वेगळा वास येतो. मसाल्याचा डबा उघडून ज्याने नाक घडवले आहे, त्याला ही बिअर वाचायला परकी भाषा लागत नाही.

माझ्या वहीत अशा नोंदी आहेत : पाडाचा मानकुराद, देठाजवळचा चीक धरून. पपनसाची पांढरी साल. अननसाचा मधला दांडा. ताज्या काजूबोंडाचा तो गोड आणि थोडा अंगावर येणारा वास. नुसते ‘फळांचा वास’ लिहू नये. कच्चे की पिकलेले, साल की गर, ताजे की डब्यातले, हे लिहावे. तळलेल्या कांद्याचा किंवा लसणीचा वास आला तर तोही लिहावा. काही जातींत, विशेषतः उशिरा तोडणी झालेल्या हॉप्समध्ये, तो येतो. थोडा असला तर काहींना रुचतो, मला रुचत नाही.

गोव्यात फेणी हातावर चोळून तिचा वास घेणारे जाणते लोक आहेत. त्यांच्यासमोर या चार ओळी लिहिताना संकोच वाटतो. हुंगून पारख करण्याची विद्या येथे नवी नाही, फक्त तिची वही ठेवली गेली नाही.

जीभ आणि घसा

पहिला घोट लहान घ्यावा आणि तो फक्त तोंड ओले करण्यासाठी समजावा. दुसरा घोट जिभेवर पसरवून, गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. आंबा चोखताना जी चव आपण जिभेची समजतो, ती बरीचशी नाकामागून येणारा वास असते. सर्दीत आंबा बेचव लागतो तो त्यामुळेच. या बिअरचे निम्मे मर्म त्या सोडलेल्या श्वासात आहे. हुंगताना आलेला पेरू गिळल्यावरही टिकतो की तेथे दुसरेच काही येते, याकडे लक्ष द्यावे. नाकाने दिलेले वचन जिभेने पाळले नाही, अशा बिअर पुष्कळ आहेत.

मग गोडी. माल्ट, ओट्स आणि मद्यार्क यांमुळे बिअर गोडसर भासते, पण ती सरबतासारखी चिकट लागता कामा नये. दोन घोटांनंतर तोंड मिटमिटू लागले, पाण्याची आठवण झाली, तर साखर पुरेशी आंबली नाही असे म्हणावे. त्यानंतर कडूपणा. कमी असावा, पण असावा. तो या गोडीचा कणा आहे. कारल्याचा कडूपणा समोरून येतो, मेथीचा मागून. या बिअरला मेथीची रीत शोभते. कॅनवर आयबीयूचा आकडा छापलेला असतो, त्याच्यावर फार विसंबू नये. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमध्ये एक मिलिग्रॅम कडू द्रव्य. मात्र थंड बिअरमध्ये भरपूर हॉप्स भिजवल्यावर त्यांतून इतरही कडू पदार्थ उतरतात, आणि उरलेली गोडी कडूपणा झाकते. साठ आकड्याची हेझी चाळीस आकड्याच्या पारदर्शक आयपीएपेक्षा सौम्य लागू शकते.

स्पर्श हा या प्रकाराचा खास गुण. बिअर मऊ, थोडी सायीसारखी लागावी, बुडबुडे टोचू नयेत. येथेच सर्वांत सामान्य दोष आढळतो, तो म्हणजे हॉप्सची खवखव. अर्धवट शिजलेल्या सुरणाने किंवा अळूने घसा धरतो, काहीसे तसेच. हॉप्सचे कण आणि पॉलिफेनॉल बिअरमध्ये लोंबकळत राहिले की हे होते. ताज्या, घाईने भरलेल्या कॅनमध्ये ते अधिक असते आणि थंड जागी एक-दोन आठवडे राहिल्यावर पुष्कळदा कमी होते. म्हणजे फार शिळी वाईट आणि फार ताजीही वाईट, अशी ही नाजूक बिअर आहे.

शेवटी मद्यार्क. ८ टक्के असूनही तो जाणवू नये, हे कौशल्य. छातीत थोडी ऊब चालेल. नाकाला झोंबणारा, स्पिरिटचा वास आला तर किण्वन फार गरम झाले होते, असा निष्कर्ष काढावा.

दोष कोणाचा?

दोषांची जंत्री मोठी होईल. येथे या प्रकारात वारंवार दिसणारे तेवढे सांगतो. लोण्याचा किंवा बटर बिस्किटाचा वास डायॲसिटिलचा. हेझीमध्ये तो एका आडवाटेने येतो. हॉप्समध्ये काही विकरे असतात, ती उरलेल्या शर्करेचे तुकडे करतात, त्यामुळे यीस्ट पुन्हा जागे होते आणि जाता जाता हा वास मागे ठेवते. कारखान्याने आणखी काही दिवस धीर धरला असता तर तो गेला असता. हिरव्या सफरचंदाचा कच्चा वासही अशाच घाईचा. जुन्या चीजचा, पायमोज्यांचा वास आला तर हॉप्सच जुने होते. हे तिन्ही दोष कारखान्याच्या खाती.

ऑक्सिजनचा दोष मात्र वाटून घ्यावा लागतो. हॉप्सची तेले आणि पॉलिफेनॉल ऑक्सिजनपुढे अत्यंत दुबळी असतात. कॅन भरताना आत राहिलेली थोडीशी हवाही आधी पेरू नेते, मग आंबा, मग रंग. पिवळा रंग केशरी होतो, केशरी करडा, आणि शेवटी जांभळट तपकिरी. पुठ्ठा, मध, शिळे मनुके असे वास त्याबरोबर येतात. भरताना चूक झाली की नंतर उन्हात राहिली, हे एका कॅनवरून सांगता येत नाही. त्याच तारखेचा, थंड जागी राहिलेला दुसरा कॅन मिळाला तरच बोलावे. दोष लिहिणे सोपे आहे. तो कोणाच्या माथी मारायचा, हे लिहिताना हात आखडता घ्यावा.

येथे एक ऐतिहासिक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. ज्या बिअरच्या नावात ‘इंडिया’ आहे, तिचा लौकिक सहा महिन्यांच्या सागरी प्रवासात टिकण्याचा होता. लाकडी पिंपात, उष्ण कटिबंधातून येताना ती परिपक्व होई, असे त्या काळचे लोक मानत. तिच्याच वंशातली ही नवी बिअर बॅगेतून विमानाने आली तरी सुकते. म्हणून ती चाखायची तर ती जेथे होते तेथे चाखावी, किंवा आपल्या जवळपास कोणी करीत असेल तेथे. २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाल्यापासून आपल्या भागात ताजी बिअर जागच्या जागी करण्याची प्रथा रुजली. गोव्यातही आता छोटे कारखाने आहेत आणि हणजुण्याच्या हिप्पी काळातील एका व्यक्तीच्या नावाची ‘एट फिंगर एडी’ ही आयपीए येथेच होते. जवळच्या कारखान्यातील तीन आठवड्यांची साधारण हेझी, सात समुद्रांपलीकडच्या सात महिन्यांच्या कीर्तिवंत हेझीहून बरी, असे माझे मत आहे, आणि ते अभिमानापोटी नाही.

गुण

घरगुती चाखणीत गुण देण्याची गरज नसते, पण एकदा देऊन पाहावेत. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, म्हणजे बीजेसीपी, या संस्थेची गुणपत्रिका ५० गुणांची आहे. तीत वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १० गुण असतात. ज्या बिअरचे नावच तिच्या रूपावरून पडले, तिच्या रूपाला पन्नासांत फक्त तीन गुण, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. समाजमाध्यमांवरील छायाचित्रांचा हिशेब याच्या नेमका उलट चालतो. ४५ च्या पुढे असामान्य, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ चांगली, अशी पुढची वर्गवारी आहे. याच संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत हेझी आयपीएसाठी ६ ते ९ टक्के मद्यांश आणि २५ ते ६० आयबीयू अशा मर्यादा दिल्या आहेत. डबल म्हणवणाऱ्या हेझी त्यांच्या वरच्या टोकाला बसतात.

गुण देताना आपल्याला बिअर आवडली का, हा प्रश्न शेवटच्या दहा गुणांपर्यंत दूर ठेवावा. मला स्वतःला पारदर्शक, कडू, जुन्या वळणाची आयपीए अधिक प्रिय आहे, आणि हेझीला गुण देताना हे मी वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. पहिले गुण दिल्यावर पेला वीस मिनिटे तसाच ठेवून पुन्हा चाखावे. थंडपणात लपलेले लोणी, स्पिरिट आणि कांदा हे तिघेही गरम झाल्यावर बाहेर येतात. दोन गुण कमी-अधिक होणे स्वाभाविक आहे. दहा झाले तर पहिल्या वेळी बिअर फार थंड होती.

राहिला प्रमाणाचा मुद्दा, आणि तो औपचारिक नाही. ८ टक्क्यांच्या ४७३ मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये सुमारे ३० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे ५ टक्क्यांच्या दोन लहान बाटल्यांहून अधिक. फळांच्या रसासारखी लागणारी बिअर पिताना हे जिभेला कळत नाही. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठी रक्तातील मद्यांशाची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे. बहुतेक प्रौढांना हा एकच कॅन तिच्या पलीकडे नेतो. परीक्षणासाठी माणशी ६० ते ९० मिलिलिटर पुरतात. एक कॅन पाच जणांत वाटावा, शेजारी साधे पाणी आणि मिठाशिवायचा पाव ठेवावा. तिखट फरसाण ठेवू नये, मिरचीने जीभ पोळली की खवखव हॉप्सची की शेवेची ते कळत नाही. नमुने चारांपेक्षा अधिक घेऊ नयेत. पाचव्या नमुन्याला माझ्या वहीत नेहमीच अधिक गुण पडलेले दिसतात, आणि त्यात बिअरचे कर्तृत्व काही नसते.